अकरा वाकळांचा दसरा

पितरपाट लागला की पालममधल्या बायकांची नजर बदलते. दारात आलेल्या माणसाकडं त्या आधी माणूस म्हणून बघत नाहीत, त्याच्या अंगावरच्या कापडाकडं बघतात. घट बसायच्या आत घरातलं कापड न् कापड पाण्यातून निघालं पाहिजे, असा दस्तूर आहे. पडदे, चादरी, उशांचे अभ्रे, टीव्हीवरचा रुमाल, आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात जड, जुन्या लुगड्यांचे थर घालून हातानं शिवलेल्या वाकळा. याला दसरा काढणं म्हणतात. एखादं फडकं राहून गेलं तर कुणी पंचनामा करायला येत नाही. पण प्रत्येक बाईच्या मनात एक पंच बसलेला असतो आणि तो चहापाण्यावर फितत नाही.

माणिकराव एका शाळेत हेडक्लार्क, पत्नी दैवशालाबाई घर सांभाळणाऱ्या. थोरला हरिओम गेल्या दिवाळीनंतर पुण्याला कंपनीत लागला. मधली ऋतिका जूनमध्ये पुण्यालाच शिकायला गेली. उरली धाकटी साक्षी, दहावीतली. पाच माणसांच्या घरात तीन उरली की घर मोठं होत नाही, पातेली मोठी होतात. दैवशालाबाई तीन महिने झाले तरी पाच जणांचंच वरण करत होत्या आणि माणिकराव ते दोन्ही वेळेला निमूट संपवत होते. त्यांच्या पॅन्टा घट्ट व्हायला लागल्या होत्या. लेकरांच्या आठवणीचा असाही एक परिणाम असतो, तो कुणी गाण्यात घालत नाही.

घट सोमवारी बसायचे होते. त्याच्या आठ दिवस आधी, रविवारी, दैवशालाबाईंनी माळ्यावरून वाकळा काढून ओसरीत रचल्या आणि मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

"अव, ऐकलं का. नऊच भरायल्यात."

"काय नऊ?"

"वाकळा. दरसाली अकरा असत्यात."

माणिकरावांनी पेपर खाली केला नाही. "दोन पुण्याला हायत की. पोरांजवळ."

"ते मला ठावं हाय. मी इचारायले, त्या आपल्या घरातल्या धरायच्या का न्हाई?"

आता मात्र पेपर खाली आला. दैवशालाबाईंचा हात वाकळांच्या थप्पीवर होता, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. अकराच्या अकरा त्यांनीच शिवलेल्या. हरिओमची चॉकलेटी, ऋतिकाची निळ्या पातळाची. ऋतिकाच्या वाकळीच्या कोपऱ्याला एक गाठ होती. लहानपणी ती गाठ मुठीत धरल्याशिवाय पोरीला झोप लागायची नाही. आता एकोणीस वर्षांची झाली, तरी मूठ तीच आणि गाठ तीच.

बावीस वर्षांच्या नोकरीत माणिकरावांना एक अक्कल आली होती: काही प्रश्नांना 'नाही' म्हटलं की जी फाईल उघडते, ती निवृत्तीपर्यंत बंद होत नाही.

"धरायच्या," ते म्हणाले. "का न धरायच्या? आन् धुवायच्या बी. मी आणतो."

'आणतो.' तीन अक्षरं. पुढचा आठवडा त्या तीन अक्षरांचा होता.

त्यांनी लगेच हरिओमला फोन लावला आणि स्पीकर चालू केला, म्हणजे घरात तसल्ली व्हावी.

"पप्पा, वाकळ पुण्याहून पालमला आणायची, धुवायची आन् परत पुण्याला?" हरिओम म्हणाला. "इथं खालीच लाँड्री हाय. किलोवर धुत्यात."

"किलोवर वजन करत्यात. दसरा न्हाई काढत."

"मंग मी झोपू कशावर?"

"चार दिवस गादीवर झोप."

"गादीवरच झोपतो. वाकळ खिडकीला लावलीय."

चौकशीत निष्पन्न झालं ते असं: पोरगा रात्रपाळी करून सकाळी येतो, दिवसा डोळ्यांवर ऊन येतं, पडद्याला पैसे घालवण्यापेक्षा त्यानं आईची वाकळ खिडकीवर ताणली होती.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "खिळे ठोकले का तिला?"

पुण्याहून घाईनं उत्तर आलं, "चिमटे लावलेत आई. चिमटे."

ऋतिकाला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. "पाठवते," म्हणाली. मग, "परत द्याल ना पण?"

"म्हंजे काय. दिवाळीला येशीलच की तू."

"न्हाई पप्पा, आधी पाठवा. घरात आलेली वस्तू पुन्हा बाहेर जाऊ द्यायला आईला लय जड जातं. म्हणून इचारलं."

दैवशालाबाई तवा घासत होत्या. घासायचा आवाज थांबला, आणि मग जरा जास्तच जोरात सुरू झाला.

ठरलं असं की हरिओमनं दोन्ही वाकळा एका पोत्यात घालून गुरुवारी संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सला द्यायच्या. शुक्रवारी सकाळी पोतं पालमला येईल, शनिवारी सगळ्या वाकळा नदीवर जातील, रविवारी वाळतील, सोमवारी घट. कागदावर ही योजना इतकी सुबक दिसत होती की माणिकरावांनी खाली सही करायची तेवढी बाकी ठेवली.

अडचण अशी की शेजारी पंडितराव राहत होते. पंडितराव निवृत्त कृषी सहायक. उभी हयात शेतकऱ्यांना सल्ले देण्यात गेली, शेतकऱ्यांनी ते ऐकले नाहीत, आता तो साठा संपवायला एकच गिऱ्हाईक जवळ होतं.

"नदी?" पंडितराव म्हणाले. "वर पाऊस झालाय. पाणी म्हंजे नुसता चहा हाय. माझ्या मशिनीत टाका. पोरानं घेऊन दिली, नवी. नऊच्या नऊ दोन दिवसांत मोकळ्या. पुण्याच्या आल्या की त्या बी."

"वाकळ पेलंल का तिला?"

"साहेब, मशीन हाय ती. तिला काय कळतंय आत वाकळ हाय का बनियन."

मंगळवारी संध्याकाळी माणिकरावांची स्वतःची वाकळ मशिनीत गेली. पहिली दहा मिनिटं मशीन गुणगुणत होती. मग कोरडी वाकळ पाणी पिऊन फुगली आणि मशीन एका पायावरून दुसऱ्या पायावर व्हायला लागली. मग निघालीच. पोळ्याच्या दिवशी बुजलेला बैल जसा मांडवातून निघतो, तशी ती न्हाणीतून निघाली. पंडितराव शिंगं धरल्यासारखे समोरून भिडले, माणिकरावांनी मागून कवळा घातला. दोघं मिळून शंभरीच्या पलीकडची माणसं, पण मशिनीनं दोघांना हात-दीड हात फरफटत नेलं. पाईप निसटला. पाणी न्हाणीतून ओसरीत आणि ओसरीतून देवघरात गेलं. तिथं पंडितरावांच्या पत्नी मंजुषाबाई नुकत्याच सगळं घासूनपुसून देव मांडून बसल्या होत्या.

मंजुषाबाईंनी वायर ओढली. मशीन थांबली. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं, माणिकरावांकडं बघितलं, आणि देव उचलून कपाटावर ठेवले. पुढं आठवडाभर त्या कुणाशीच बोलल्या नाहीत.

"भार एका बाजूला गेला," पंडितराव कुजबुजले. "दोन टाकायला पाहिजे होत्या."

ओली वाकळ चौघांनी कुंपणावरून इकडं घेतली. दैवशालाबाईंनी तिला हात लावून बघितलं. "भिजलीय," म्हणाल्या. "धुतली न्हाई." म्हणजे नऊ होत्या त्या नऊच राहिल्या, वर एक दुप्पट जड झाली.

बुधवारी रजेचा अर्ज लिहायची वेळ आली, आणि इथं माणिकरावांच्या इज्जतीचा मामला सुरू होतो. शुक्रवारी सकाळी गाडीची वाट बघायची होती आणि शनिवारी नदी. रजा दोन दिवसांची. आता, गेली बावीस वर्षं शाळेतल्या प्रत्येकाचा अर्ज माणिकरावांच्या टेबलावरून जात होता, आणि 'घरगुती काम' एवढं कारण लिहिलेला एकही अर्ज त्यांनी पुढं जाऊ दिला नव्हता. लाल पेनानं गोल करून ते लिहीत: 'कारण सुस्पष्ट नमूद करावे.' गोपाळ शिपायाला एकदा त्यांनी सासऱ्याच्या मूळव्याधीचा सविस्तर तपशील लिहायला लावला होता.

तेव्हा त्यांनी मान खाली घालून, सुंदर अक्षरात, सुस्पष्ट लिहिलं: 'घरातील अकरा वाकळांपैकी दोन पुण्याहून प्राप्त करून घेणे व सर्व धुणे.'

अर्ज मुख्याध्यापक सूर्यभान सरांकडं जाईपर्यंत शिक्षकखोलीत तीनदा वाचून झाला होता. गोपाळनं तो आत नेताना दारात थांबून विचारलं, "साहेब, कोणत्या रंगाच्या हायत ते लिहायचं राहिलं का?" माणिकरावांनी ऐकलं नाही असं दाखवलं. दुपारी अर्ज परत आला. त्यावर सरांचा शेरा होता: 'कारण सुस्पष्ट आहे, परंतु पुरेसे वाटत नाही. चर्चा करावी.'

चर्चा झाली. सूर्यभान सर चष्मा काढून म्हणाले, "माणिकराव, तुमच्यासारख्या जिम्मेदार माणसानं धुण्यासाठी रजा घ्यावी? घरात बायामाणसं हायत की."

"पोरं गेली सर," माणिकराव म्हणाले. "दरसाली हरिओम पिळायला असायचा, ऋतिका वाळू घालायला. आता एकीला दुसरं टोक धरायला कुणी न्हाई."

सरांनी सही केली. ती करताना त्यांचा हात जरा अडखळला, असं माणिकरावांना वाटलं. का, ते शनिवारी कळलं.

शुक्रवारी उजाडता उजाडता माणिकराव चौकात बजरंगच्या पानटपरीवर जाऊन उभे राहिले. ट्रॅव्हल्सचं बुकिंग, पार्सल, मोबाईलचं रिचार्ज आणि गावातल्या बातम्या, सगळं त्याच टपरीतून चालायचं. आभाळ निवळलं होतं. हवेत पहिलाच कोरडा गारवा होता. रस्त्यापलीकडचं सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं, आणि बांधावरच्या गवताला आलेले तुरे वाऱ्यानं एकाच बाजूला झुकत होते, सगळे पुण्याकडं. माणिकरावांनी तसं मोजूनमापून ठरवलं नव्हतं, पण त्यांना ती दिशा पुण्याचीच वाटली.

गाडी आली, न थांबता हळू झाली, दारातून एक पांढरं खताचं पोतं रस्त्यावर पडलं, आणि गाडी नांदेडच्या वाटेला लागली.

"घ्या," बजरंग म्हणाला. "आली तुमची पोरं."

पोतं खांद्यावर घेऊन माणिकराव घरी आले. दैवशालाबाईंनी पोत्याची शिवण उसवली, आत हात घातला, आणि हात तसाच राहिला.

"ही आपली न्हाई."

आत एकच वाकळ होती. हिरव्या काठाची, मधोमध तांबडी. एका बाजूला वाटीएवढं जळालेलं भोक. कडेला लाल दोऱ्यानं, वेड्यावाकड्या पण मन लावून घातलेल्या टाक्यांत नाव होतं: सिद्धोधन.

साक्षी म्हणाली, "पप्पा, दादाचं नाव बदललं का पुण्यात?"

तिच्याकडं दोघांनीही बघितलं नाही. माणिकरावांनी फोन उचलला. हरिओम झोपेतून उठून म्हणाला, पोत्यावर नाव लिहिलं होतं. कुठं? कागदावर. कागद कुठं? चिकटवला होता. गुरुवारी पुण्यात पाऊस होता.

"बावीस वर्षं," माणिकराव फोन ठेवून भिंतीला म्हणाले, "बावीस वर्षं मी जावक क्रमांकाशिवाय साधं पोस्टकार्ड बाहेर जाऊ दिलं न्हाई. आन् माझा पोरगा पोत्याला कागद चिकटवतो."

बजरंगनं ड्रायव्हरला फोन लावला. ड्रायव्हर नांदेडला पोचून झोपला होता. संध्याकाळी जागा झाल्यावर त्यानं आठवून सांगितलं: तसलंच एक पोतं परभणीला उतरवलं, एक बाई घेऊन गेली, पेडगावची असावी, नंबर नाही, बघतो.

"बघतो म्हणला," बजरंगनं निरोप दिला. माणिकराव स्वतः कारकून होते. 'बघतो' या शब्दाचं आयुष्य किती असतं, ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळी दैवशालाबाईंनी स्वयंपाक केला, वरण पाच जणांचं केलं, आणि स्वतः जेवल्या नाहीत. ओसरीत त्या परक्या वाकळीपाशी बसल्या होत्या. माणिकराव जवळ जाऊन म्हणाले, "उघडलं हीच आपली चूक झाली. तसंच शिवून ठेवू. मालक सापडला की पोच घेऊन देऊन टाकू."

"वास बघा हिचा."

माणिकरावांनी वाकून वास घेतला. घाम, ऑईल, दमट खोली, आणि त्याखाली कुठंतरी चुलीचा धूर.

"घराचा धूर अजून गेला न्हाई हिच्यातून," दैवशालाबाई म्हणाल्या. "नवंच गेलेलं दिसतंय लेकरू. उद्या हिला बी नेऊ नदीवर."

"अगं, आपली न्हाई ना ती."

"घरात हाय न आपल्या? घट बसायच्या आत घरातलं कापड न् कापड."

नियम बरोबर होता. माणिकरावांना नियमापुढं कधी बोलता आलं नाही. पण त्याच नियमाची दुसरीही बाजू होती: घरात आहे ते घरातलं, तर जे घरात नाही ते कुणाचं? ती बाजू दोघांनाही दिसली. दोघांपैकी कुणीही ती वाचून दाखवली नाही. साक्षी अभ्यासाचं पुस्तक घेऊन आली आणि त्यांच्या मधे बसली.

शनिवारी रिक्षात दहा वाकळा, त्यावर साक्षी, पुढं दैवशालाबाई आणि मागून लुनावर माणिकराव अशी वरात नदीवर गेली. पाणी दोन दिवसांत निवळलं होतं. पंडितरावांनी बघितलेला चहा बहुधा सोमवारचा होता. काठावर सगळं गाव उतरलं होतं. खडकांवर, बाभळींवर, पुलाच्या कठड्यावर, जिथं जागा मिळेल तिथं लुगडी, चादरी, वाकळा पसरल्या होत्या, जशी काही जमीनच रंगीत कपडे घालून दसऱ्याला निघाली होती.

माणिकरावांनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली. काम सोपं होतं: दैवशालाबाई आणि साक्षी आपटणार, मग पिळायला एक टोक त्या धरणार, एक माणिकराव. भिजलेल्या वाकळीचं वजन म्हशीच्या रेडकाएवढं असतं आणि स्वभावही तोच. पहिल्या वाकळीला दैवशालाबाईंनी असा पीळ दिला की माणिकराव स्वतःच अर्धे फिरले. दुसरीला ते शेवाळावर पाय ठेवून उभे राहिले आणि बसले. कमरेपर्यंत पाण्यात. चष्मा वाचला. शाळेतली सातवीची दोन पोरं काठावरून अदबीनं म्हणाली, "नमस्कार सर."

उठताना त्यांचं लक्ष पलीकडच्या खडकाकडं गेलं. तिथं गुडघाभर पाण्यात, धोतराचा काचा मारून, सतरंजीचं एक टोक छातीशी धरून मुख्याध्यापक सूर्यभान सर उभे होते. दुसरं टोक त्यांच्या बायकोच्या हातात होतं. सरांची मुलगी मे महिन्यात लग्न होऊन सोलापूरला गेली होती, हे माणिकरावांना तेव्हा आठवलं.

दोघांची नजर भेटली. सरांनी घसा साफ केला.

"रजा मंजूर झाली होती ना तुमची?"

"हो सर. आपली?"

"वैद्यकीय," सर म्हणाले आणि जोरात पीळ घातला.

यापुढं दोन्ही खडकांमधे कसलाही पत्रव्यवहार झाला नाही.

नऊ वाकळा झाल्या. दहावी दैवशालाबाईंनी कुणाला दिली नाही. तिला त्यांनी आपटली नाही, पाण्यात सोडून हातानं चोळली, जळालेल्या भोकाच्या कडेकडेनं, दुखणाऱ्या जागेवरून हात फिरवावा तशी. आणि त्यांच्या तोंडून ओवी निघाली. लग्न होऊन आल्यावर जात्यावर म्हणायच्या, गिरणी आल्यापासून बंद होती. माणिकरावांनी कैक वर्षांत ऐकली नव्हती.

वाकळीला टाके, मोजू मी किती किती
जितके टाके बाई, तितक्या लेकराच्या राती

धुते मी वाकळ, पाण्यामधी दोन्ही पाय
नाव दुसरं काठाला, मला पुसायचं काय

शेजारच्या खडकावरची बाई आपटायची थांबली. साक्षीनंही मोबाईल काढला नाही, हे विशेष. माणिकराव ओल्या पॅन्टनं उभे राहिले. त्यांना वाटलं, आपण 'आणतो' म्हणालो आणि आणलं काही नाही. पण काहीतरी आलं.

पिळून झाल्यावर दैवशालाबाईंनी कमरेच्या पिशवीतून निळ्या पातळाचा एक तुकडा काढला. ऋतिकाच्या वाकळीतून उरलेला, वीस वर्षं जपून ठेवलेला. "वाळली की हिच्या भोकाला लावते," म्हणाल्या. "थंडी त्यातनंच शिरंल."

रविवारी सर्वपित्री अमावास्या. ऊन कडक पडलं. अंगणात, कुंपणावर, पंडितरावांच्या गच्चीवरही, मंजुषाबाईंनी न बोलता मान हलवून परवानगी दिल्यावर, वाकळा वाळत होत्या. दैवशालाबाई तिन्हीसांजेपर्यंत निळं ठिगळ लावत बसल्या. दिवेलागणीच्या आधी फोन वाजला. अनोळखी नंबर.

"ते पालमचे वाकळीवाले साहेब का?" बाईचा आवाज होता, जरा धाप लागलेला. "मी पेडगावची चतुराबाई. सिद्धोधनची माय. बाई हायत का? बाईला द्या."

माणिकरावांनी आपली नवी पदवी गिळली आणि स्पीकर लावून फोन दैवशालाबाईंपुढं धरला.

"बाई, तुमच्या दोन वाकळा माझ्याजवळ हायत," चतुराबाई म्हणाल्या. "त्या ड्रायव्हरला तीन दिवस फोन लावायले, तवा कुठं नंबर गावला. फिकीर करू नका. आमच्यात घट बसत न्हाई, पण वाकळ दारात आली म्हणल्यावर धुवावी वाटली. कालच धुतल्या हिरीवर. एकीला चार खिळ्याची भोकं होती. शिवली मी."

"खिळ्याची," दैवशालाबाई हळूच म्हणाल्या. पुण्यातल्या कुणाच्या तरी दिवाळीचं भवितव्य त्या एका शब्दात ठरलं.

"आन् त्या निळ्या वाकळीच्या कोपऱ्याला गाठ हाय. धुताना सोडणार व्हते मी. मंग म्हणलं नको. कुणीतरी धरून निजत असंल. गाठ चकचकीत झालीय धरून धरून. तशीच ठेवली, नुसती चोळली."

दैवशालाबाईंनी ठिगळावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "तुमच्या लेकराच्या बी वाकळीला भोक व्हतं. मी ठिगळ लावलंय. निळं हाय. चालंल का?"

"मच्छरच्या कॉईलनं जाळली मेल्यानं, म्हणून तर मागिवली व्हती," चतुराबाई म्हणाल्या. आणि मग, "निळं लय चालंल, बाई."

पुढं अर्धा तास दोघी बोलल्या. पोरं काय खातात, काय लपवतात, फोनवर 'सगळं बरं हाय' म्हणताना आवाज कसा येतो. माणिकरावांचा हात फोन धरून दुखायला लागला, पण त्यांनी तो हलवला नाही.

सोमवारी घट बसला. माती भरून, पाच धान्यं पेरून, दैवशालाबाईंनी हात जोडले आणि माणिकरावांकडं न बघता म्हणाल्या, "निघाला दसरा. अकराचा."

"बारा झाल्या," माणिकराव म्हणाले. मोजणीत ते कधी चुकत नसत.

गुरुवारी तिघं परभणीच्या स्टँडवर गेले. दुपारची शाळा माणिकरावांनी बुडवली. अर्जात कारण लिहिलं होतं: 'घरगुती काम.' सूर्यभान सरांनी तो न वाचता मंजूर केला होता. चतुराबाई त्यांच्याआधीच येऊन बसल्या होत्या, हातात पोतं, पायांत नवी चप्पल. दोघींनी बाकड्यावर तिन्ही वाकळा उलगडल्या. एकमेकींचे टाके बघितले, बोटांनी ओढून बघितले, दोघींनी एकमेकींच्या टाक्यांत किंचित दोष काढला आणि मग खूश झाल्या. दैवशालाबाईंनी निळ्या वाकळीची गाठ एकदा आपल्या मुठीत धरून बघितली.

माणिकरावांना वाटलं, आता ही म्हणणार, राहू द्या, दिवाळीला पोरं येतीलच. त्यांनी तयारी ठेवली होती. पोत्यात घालायला ते वाकळ मागणारही नव्हते.

पण दैवशालाबाईंनी स्वतःच घड्या घातल्या. दोन्ही पोती पुन्हा पुण्याला जाणार होती, संध्याकाळच्याच गाडीनं. माणिकरावांनी खिशातून जाड शाईचं पेन काढलं, आणि एकावर सिद्धोधनचं, एकावर हरिओम-ऋतिकाचं, असं नाव, गाव, फोन, सगळं थेट पोत्यावर, पावसानं जाणार नाही अशा अक्षरात लिहिलं. मग त्यांचं पेन थांबलं. "पाठवणारा आपण. पण ह्या वाकळा कुठल्या लिहू?" त्यांनी विचारलं. "पालमच्या का पुण्याच्या?"

दैवशालाबाई सुतळीची गाठ आवळत होत्या.

"पालमच्या लिवा," त्या म्हणाल्या. "घरच्याच हायत. नुसत्या निजायला तिकडं जात्यात."

चतुराबाईंनी मान हलवली आणि आपलंही पोतं पुढं केलं. त्यावर माणिकरावांनी पेडगाव लिहिलं.

परतीच्या एस.टी.त साक्षी खिडकीला बसली. बाहेर कापसाची पहिली बोंडं फुटली होती, गंगाखेडच्या वाटेवर ऊन उतरणीला लागलं होतं. मग ती म्हणाली, "पप्पा, अकरावीला मी लातूरला जाणार हाय ना. लातूरची गाडी पालमला थांबती का, ते आत्ताच बघून ठेवा."

दैवशालाबाईंनी पदर सावरला आणि लेकीच्या मांडीवर हात ठेवला.

त्या संध्याकाळी वरण पाच जणांचंच झालं. माणिकरावांनी कुंपणापाशी जाऊन पंडितरावांना हाक मारली, आणि उरलेल्या दोन वाट्या त्यांना दिल्या.